चाळीस शून्यं

राज्यातल्या वृद्ध शुश्रूषागृहांचा नकाशा डॉ. हेमलता रेगुंडवार यांच्या प्रयोगशाळेत भिंतभर पसरलेला होता. एक ठिपका म्हणजे एक खाट. ठिपका हिरवा असला तर खाटेवरच्या माणसाची नीट काळजी घेतली जाते आहे असं समजायचं आणि लाल झाला तर त्याची हेळसांड होते आहे. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर एका जागी चाळीस ठिपके गर्दी करून होते, आणि गेली दोन वर्षं त्यांतला एकही लाल झाला नव्हता.

‘सांजसावली’ हे त्या गृहाचं नाव. संचालनालयानं त्याला ओळीनं दुसऱ्या वर्षी आदर्श ठरवलं होतं आणि सत्काराला प्रमुख पाहुण्या म्हणून हेमलताबाईंना बोलावलं होतं. पत्रात त्यांचा उल्लेख ‘हाकमापकाच्या जननी’ असा होता. बाईंनी ते पत्र चिमटीत धरून टेबलाच्या कडेला सरकवलं.

“चाळीस म्हातारी माणसं आणि दोन वर्षांत एकालाही तहान लागून कोणाची वाट पाहावी लागली नाही? माझ्या सख्ख्या आईनं मला इतकं सांभाळलं नव्हतं.”

समोर मेंदूतज्ज्ञ डॉ. फारूक पटवे बसले होते. बाईंच्या तिरकस बोलण्याची त्यांना पंचवीस वर्षांची सवय होती. “चकत्या बनावट असतील असं वाटतंय तुला?”

“बकऱ्यांना चिकटवल्या असतील. नाहीतर संचालकाच्या मेव्हण्यांना.”

“बकरीच्या घामात आर्तिका नसतेच. तपासून झालंय ते. चकत्या खऱ्या आहेत, माणसं खरी आहेत आणि आकडेही खरे आहेत.”

आर्तिका हा बाईंचा शोध. माणसाला गरज असते, कोणीतरी येईल म्हणून तो वाट पाहतो आणि कोणी येत नाही, तेव्हा मेंदूच्या सांगण्यावरून एक प्रथिन घामात उतरतं. नुसत्या दुखण्यानं ते उतरत नाही आणि नुसत्या एकटेपणानंही नाही. दंडावर चिकटवायची बोटाच्या पेरापेक्षा लहान चकती, म्हणजे हाकमापक, त्याचं प्रमाण शून्य ते शंभर या पट्टीवर सतत कळवत राहते. ‘दुखणं मोजणारी यंत्रं पुष्कळ आहेत, हे न आलेल्या माणसाला मोजतं,’ असं बाई तेव्हा भाषणांत सांगत. त्यावर टाळ्या पडत. पुढे कायदा झाला, गावोगावच्या गृहांत चकत्या गेल्या आणि सात वर्षांत नकाशा असा हिरवागार झाला, की मंत्र्यांच्या पाठीमागे लावून फोटो काढावा.

सत्काराच्या चार दिवस आधी, कोणाला न कळवता, बाई ‘सांजसावली’त जाऊन उभ्या राहिल्या.

संचालक अभिराम खानझोडे लगबगीनं बाहेर आले. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला टिळा, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी कुठल्यातरी माहितीपत्रकात छापून आलं असावं. “आमच्याकडे रुग्ण नसतात डॉक्टर, आमच्याकडे आईबाबा असतात.”

“चाळीस आईबाबांना सांभाळायला माणसं किती?”

“आम्ही संख्येपेक्षा सेवाभावावर भर देतो.”

“म्हणजे किती?”

“दोन ताई आहेत. एका वेळी.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या परीक्षानळीत चुकून पडलेल्या माशीकडे पाहत.

दालन मात्र स्वच्छ होतं. फरशी चकचकीत, चादरी पांढऱ्या, खिडकीत प्लॅस्टिकची जरबेरा. चाळीस माणसं चाळीस खाटांवर उताणी पडून छताकडे पाहत होती. कोणी कण्हत नव्हतं. खानझोडे दोन्ही हात पसरून म्हणाले, “बघा, किती शांतता!”

चौदाव्या खाटेवर गिरजाबाई वानखडे होत्या. वय ब्याऐंशी. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या, असं खाटेवरच्या पाटीवर लिहिलं होतं. उशाच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, पण त्यांचा हात पोचेल त्याच्या वीतभर पलीकडे. ओठांना भेगा पडल्या होत्या. बाईंनी पायावरची चादर उचलली. डाव्या टाचेला एकाच अंगावर पडून राहिल्याची जखम होती, रुपयाच्या नाण्याएवढी आणि काठाला काळी. जखमेचा वास साबणाच्या वासाखालून वर आला.

दंडावरच्या चकतीचा आकडा शून्य होता.

बाईंनी पर्समधून नवी चकती काढून स्वतःच्या हातानं दुसऱ्या दंडावर लावली. दहा मिनिटं थांबल्या. तोही आकडा शून्य.

“यंत्र खोटं बोलत नाही ना डॉक्टर? तुमचंच यंत्र!” खानझोडे हसून म्हणाले.

बाईंनी पेला उचलून गिरजाबाईंच्या ओठांना लावला. म्हातारी पाणी गटागटा प्यायली, पण तिनं पेल्याकडे पाहिलं नाही की पेला धरणाऱ्या हाताकडेही नाही. नळाखाली ठेवलेलं भांडं भरावं तशी ती भरली आणि पुन्हा छताकडे पाहू लागली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी सिंधू गजभिये या परिचारिकेला गाठलं. सिंधू चाळिशीची होती. सकाळपासून बसायला मिळालं नसावं, कारण ती भिंतीला टेकूनच बोलली. “मॅडम, टाच मले दिसते. पण मी एकीकडून अंग पुसत जाते, तर दुसऱ्या टोकाले पोचेपर्यंत जेवणाची वेळ होते. फिरून येणं होतच नाही.”

“त्यांना घंटा दिलेली आहे. त्या वाजवत नाहीत?”

“पहिले वाजवतात ना! नवं माणूस आलं की दिवसभर वाजवून राहते. मग कमी होते. तीन आठवडे झाले की कोणीच वाजवत नाही. त्याले इथं रुळणं म्हणतात.”

“आणि त्या तीन आठवड्यांत आकडा लाल होत नाही?”

“होते ना. पण नव्या माणसाले तीस दिवसांची सूट हाय. कायद्यातच हाय ते.”

ती सूट कायद्यात कोणाच्या शिफारशीनं आली ते सिंधूला ठाऊक नव्हतं. बाईंना पुरतं ठाऊक होतं. ‘जागा बदलल्याच्या ताणामुळे सुरुवातीला आर्तिका वाढलेली दिसते, साधारण एकवीस दिवसांत ती आपोआप उतरते, सबब पहिल्या तीस दिवसांतले आकडे ग्राह्य धरू नयेत.’ हे वाक्य त्यांच्या अहवालातलं होतं. ते ‘आपोआप’ लिहिताना पेन क्षणभरही अडखळलं नव्हतं.

गाडीत बसून त्यांनी फारूकना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“हेमलता, आर्तिकेला दोन गोष्टी लागतात,” फारूक म्हणाले. “गरज, आणि कोणीतरी येईल ही अपेक्षा. आपण धरून चाललो की आकडा उतरला म्हणजे गरज भागली. पण अपेक्षा मेली तरी तो उतरणारच. हाक मारण्यात शक्ती खर्च होते. शंभर हाका वाया गेल्या की मेंदू ते दुकान बंद करतो. कळ तशीच राहते, हाक जाते.”

“म्हणजे माझं यंत्र हेळसांड मोजतच नाही.”

“सुरुवातीची मोजतं. ती पुरी झाली, की तिला आदर्श ठरवतं.”

“शाब्बास मी! सात वर्षं मुडद्यांना पहिला नंबर देते आहे.”

“अजून एक आठवलं,” फारूक सावकाश म्हणाले. “पट्टी ठरवताना शून्याचा नमुना म्हणून कोणाचा घाम घेतला होता आपण? निरोगी, समाधानी व्यक्ती म्हणून?”

“माझा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. घरी गेल्यावर दार उघडायला कोणी असेल, असं त्यांना गेल्या कित्येक वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. याला त्या आजवर स्वभावाचा कणखरपणा म्हणत आल्या होत्या.

शंका सिद्ध करायची तर एकच मार्ग होता. अपेक्षा मेली असेल, तर ती पुन्हा उगवते का ते पाहायचं. त्यासाठी ठरल्या वेळी, न चुकता, एकाच माणसाकडे जायचं. बाईंनी नागपुरात खोली घेतली. सत्काराला त्या गेल्या नाहीत. खानझोड्यांना त्यांनी ‘यंत्राची पडताळणी’ असं कारण सांगितलं, आणि पडताळणीनंतर आपलं नाव आणखी मोठं होईल या समजुतीत त्यांनी बाईंसाठी खुर्चीही ठेवली.

सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच. बाई यायच्या, पाणी द्यायच्या, कूस बदलायच्या, सिंधूकडून शिकून टाच धुवायच्या आणि पट्टी बांधायच्या. सुरुवातीला त्यांनी बांधलेली पट्टी सुटून यायची. आयुष्यभर माणसांचा घाम नळीत पाहिला होता. माणूस असा हातात घेतला नव्हता. गिरजाबाई छताकडे पाहत राहायच्या. पहिला दिवस शून्य. चौथा दिवस शून्य. सातव्या दिवशी टाचेचा काळा काठ जरा लाल दिसू लागला, पण आकडा शून्यच. आठव्या दिवशी बाई आल्या तेव्हा गिरजाबाईंचं तोंड दाराकडे होतं. बाईंनी स्वतःला बजावलं की हा योगायोग असणार.

नवव्या दिवशी संचालनालयातून फोन आला, तो लांबला आणि बाईंना वीस मिनिटं उशीर झाला. त्या धावतच दालनात शिरल्या. चकतीवर सहा हा आकडा होता.

आणि चौदाव्या खाटेवरून, गंजलेल्या बिजागरीसारखा, एक आवाज आला. “काय वं बाई, कोठी मेली होती? नऊ कवाचे वाजून गेले!”

बाई जागच्या जागी थांबल्या. गेल्या वीस वर्षांत त्यांना अशा भाषेत कोणी बोललं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की हातातली पिशवी खाली पडली.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. हे शब्दही त्यांच्या तोंडी नवीनच होते.

“चुकलं म्हनते! घशाले कोरड पडली माह्या. पानी दे पहिले.”

त्यानंतर आकडा चढतच गेला. नऊ, एक आणि पाचला बाई आल्या की तो उतरायचा. मधल्या वेळात गिरजाबाई घंटा दाबायच्या, सिंधू दुसऱ्या टोकाला असायची, कोणी यायचं नाही आणि आकडा चढायचा. अकराव्या दिवशी एकतीस. तेराव्या दिवशी दुपारी तो साठच्या वर गेला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ‘सांजसावली’चा एक ठिपका लाल झाला.

दुसऱ्याच सकाळी विभागीय निरीक्षक वसंत उपासनी हजर झाले. हातात आकडे आणि आलेख दाखवणारी काचपाटी, चेहऱ्यावर ती निर्विकार अदब, जी सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं कशालाच हात न लावता काढली की येते. खानझोडे त्यांच्या बाजूला हात बांधून उभे होते.

“मॅडम, आपण येण्याआधी दोन वर्षं शून्य, आणि आपण आल्यापासून वाढ,” उपासनी आलेखावरून बोट फिरवत म्हणाले. “याचा अर्थ काय?”

बाईंनी अर्थ सांगितला. अगदी सोप्या शब्दांत, दोनदा. टाच दाखवली, जुन्या जखमेचे फोटो दाखवले. गिरजाबाई बोलू लागल्या आहेत, हे गिरजाबाईंनाच बोलायला लावून दाखवलं. गिरजाबाईंनी उपासन्यांना ‘हा कोन मुखदुर्बळ?’ असं विचारलं.

उपासन्यांनी ऐकून घेतलं. “मॅडम, आपण म्हणता तसं असेलही. पण नियमात हेळसांडीची व्याख्या आहे आणि ती आकड्यावर आहे. आकडा वाढला म्हणजे हेळसांड वाढली. व्याख्या आपलीच, आकडाही आपलाच.”

“व्याख्या चुकली आहे, असं मी सांगते आहे ना!”

“मग ती बदलेपर्यंत चालू व्याख्या लागू राहील. रुग्णेची हेळसांड आपल्यामुळे होते आहे, असा निष्कर्ष मला काढावा लागेल. उद्यापासून आपल्याला प्रवेश नाही.”

खानझोडे मान हलवत पुटपुटले, “आईंना त्रास होतो हो, आम्हाला बघवत नाही.”

बाईंना दोघांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण उपासन्यांच्या काचपाटीवर जी व्याख्या उघडी होती, तिच्याखाली सही बाईंचीच होती.

गिरजाबाईंना ‘मी उद्या येणार नाही’ असं सांगण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी पाणी दिलं, कूस बदलली आणि त्या निघाल्या.

पुढचं त्यांना सिंधूच्या फोनवरून कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत गिरजाबाईंचा आकडा सत्तर झाला. नियमच असा होता, की ठिपका लाल झाला तर निरीक्षकानं जातीनं यावं आणि आकडा चाळिसाखाली येईपर्यंत खाटेशेजारून उठू नये. उपासनी आले. खुर्चीत बसून काचपाटीत पाहू लागले. आकडा ऐंशी झाला. शेवटी कंटाळून त्यांनी विचारलं, “काय हवंय आजी?” पाणी हवं होतं. त्यांनी ते दिलं. मग कूस बदलायची होती. सिंधूनं दाखवलं तसं त्यांनी बदललं. आकडा तीसवर आला. ते उठून फाटकापर्यंत पोचतात तोच पुन्हा लाल.

तिसऱ्या दिवशी पंधराव्या खाटेवरचे ढोबळे गुरुजी, ज्यांचा आवाज सिंधूनंही कधी ऐकला नव्हता, उपासन्यांची बाही धरून म्हणाले, “मलाही.” अपेक्षा नुसती पाहूनही रुजते. शेजारच्या खाटेची हाक ऐकली जाते, हे चाळीस माणसं पडल्या पडल्या पाहत होती. आठवड्याच्या शेवटी सतरा ठिपके लाल होते. उपासन्यांच्या मदतीला आणखी चार निरीक्षक आले. चार निरीक्षक बसले, त्यांना पाहून आणखी नऊ जण जागे झाले. खानझोड्यांनी चकत्या काढून टाकायचा प्रयत्न केला, पण चकती दंडावरून निघाली तरी नकाशावर ठिपका लालच दिसे. दालनातली ती प्रसिद्ध शांतता संपली होती. लोक ओरडत होते, भांडत होते, वरणात मीठ नाही म्हणून ताटं ढकलत होते.

बाराव्या दिवशी उपासन्यांचा फोन आला. आवाजातली अदब गेली होती. “मॅडम, हे थांबवायचं कसं?”

“दोन उपाय आहेत,” बाई म्हणाल्या. “पहिला सोपा. तीन आठवडे कोणीही खाटांजवळ जायचं नाही. सगळे आकडे शून्यावर येतील.”

“तीन आठवडे लाल ठेवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी माझं निलंबन होईल.”

“मग दुसरा. चाळीस जणांना दहा माणसं ठेवा, आणि हाक आली की जा.”

“मग शून्य होईल?”

“कधीच नाही. वर जाईल, खाली येईल. जिवंत माणसाचा आकडा हलतो, उपासनी. नकाशावर जे ठिपके वर्षानुवर्षं हलत नाहीत, तिकडे जाऊन बघा कधीतरी.”

महिनाभरात खानझोड्यांना सिंधूच्या जोडीला आठ जणी घ्याव्या लागल्या. सेवाभाव वाढला म्हणून नव्हे. निरीक्षक खाटांशेजारून हलेनात आणि येणारे-जाणारे बघून विचारू लागले म्हणून. आकडे चाळिसाच्या आत हलू लागले. बंदी उठल्यावर बाई गेल्या तेव्हा गिरजाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. टाच भरत आली होती. बाईंनी धुसफुसत सांगितलं, की यांतला एकही माणूस दयेपोटी आलेला नाही, सगळे नोकरीच्या भीतीनं आले आहेत.

“तो काहून आला, त्याचं मले काय करायचं हाय?” गिरजाबाई म्हणाल्या. “आला ना? पानी देल्लं ना? तू बी काई माह्या मायेनं नोती आली. आकडा पाहाले आली होती.”

बाईंनी पेला भरून त्यांच्या हातात दिला.

प्रयोगशाळेत परतल्यावर त्यांनी फारूकच्या मदतीनं नकाशातून सहा महिने न हललेले ठिपके वेगळे काढले. तीनशे बारा गृहं होती. व्याख्या बदलायचा प्रस्ताव त्यांनी मंत्रालयात पाठवला. तिथून ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं आणि तिथेच तो विषय संपला. पण व्याख्या बदलायची गरजच नव्हती. प्रत्येक गृहात फक्त एक माणूस जागा करायचा, पुढचं काम त्यांचा तो मूर्ख कायदाच करणार होता. फारूकनी रजा टाकली, निवृत्त झालेल्या काही जुन्या सहकाऱ्यांनी एकेक गृह घेतलं. बाईंनी भंडाऱ्याजवळचं घेतलं.

तिथे तिसऱ्या खाटेवर नामदेव कुथे नावाचे कोष्टी होते. आकडा अकरा महिने शून्य. बाई आठ दिवस नऊ, एक आणि पाचला गेल्या. पाणी, कूस, पट्टी. आठव्या दिवशी निघताना कुथ्यांची नजर त्यांच्या पाठीमागे दारापर्यंत आली.

नवव्या दिवशी बाई नऊला पाच कमी असतानाच आल्या आणि दालनाच्या बंद दाराबाहेर भिंतीशी उभ्या राहिल्या. वेळेवर आत गेलं तर आकडा उठणार नव्हता. वाट पाहावी लागल्याशिवाय आर्तिका उतरत नाही. त्यांच्याच यंत्राची ही अट होती. जे करताना इतर सापडले की त्यांना किळस येई, तेच आता त्यांना शास्त्रशुद्ध पद्धतीनं करायचं होतं.

नऊ वाजले. नऊ दहा झाले. हातातल्या तांब्याची कड बोटांना रुतत होती. आत सगळं शांत होतं. नऊ पंधराला त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी आतून एक म्हातारा, चिडका आवाज आला.

“अवं बाई! आली काय?”

बाईंनी दार उघडलं.